गुग्गुळाची कसोटी

झाशी हे नाव कानी पडताच मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाईंची तेजस्वी मूर्ती उभी राहते, आणि ते साहजिकच आहे. नेवाळकरांच्या काळी जी मराठी घराणी तेथे जाऊन राहिली, त्यांच्यामुळे या बुंदेलखंडी नगराशी आपले नाते इतिहासाच्या पानांपुरते उरलेले नाही. परंतु आज झाशीचे नाव घ्यावयाचे ते निराळ्या कारणासाठी. या शहरात दोन संस्था आहेत. एक म्हणजे राणीचेच नाव धारण करणारे, १९६८ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय. दुसरी म्हणजे ग्वाल्हेर रस्त्यावरील केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्था. छातीत कळ आली म्हणजे रुग्णाला पहिल्या संस्थेत नेतात; वनस्पतीज औषधांची ओळख आणि शुद्धता तपासण्याचे काम दुसरीत चालते. या दोन दारांच्या मधोमध एक प्रश्न उभा आहे, आणि तो एकट्या झाशीचा नव्हे, साऱ्या देशाचा आहे. हृदयाच्या धमन्यांत जो मेदाचा थर साचतो, त्याला आवर घालणारे एखादे औषध आपल्या जुन्या भांडारात आहे काय? आणि आहे असे कोणी म्हटले, तर ते खरे की खोटे हे ठरवावयाचे कसे?

प्रथम त्या थराविषयी. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. नळाच्या आत जसा क्षार धरतो, तसा धमनीच्या आतल्या बाजूस मेद साचतो आणि वाढता वाढता वाट बंद करतो, असे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. हे चित्र अर्धेच खरे आहे. थर नळीच्या पोकळीत नव्हे, तर तिच्या भिंतीच्या आत तयार होतो. रक्तातील कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, ते गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी तेथे जमतात, त्यांतील कित्येक तेथेच मरतात आणि त्या जागी मऊ, मेदयुक्त असा गाभा साठत जातो. या गाभ्यावर शरीर तंतूंचे एक आवरण घालते. आता करंजीचा दाखला घ्या. पारी जाड असेल तर करंजी तळणीतून सुखरूप बाहेर येते; पारी पातळ झाली की ती फुटते आणि सारण तेलभर पसरते. धमनीतील थराचेही तसेच आहे. त्याची पारी जाड असेल तर तो वर्षानुवर्षे निमूट पडून राहतो. ती पातळ झाली आणि फाटली, की आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येतो, क्षणार्धात तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. हाच बहुतेक वेळा हृदयविकाराचा झटका होय. म्हणूनच ज्याला काल जिना चढताना धापही लागली नव्हती, असा मनुष्य आज अकस्मात कोसळतो. त्याच्या धमनीतील थर मोठा असतोच असे नाही. तो नाजूक असतो.

यावरून उपचाराचे ध्येय स्पष्ट होते. थर खरवडून काढणे हे ध्येय नव्हे. तो स्थिर करणे, म्हणजे गाभा लहान करणे, दाह शमविणे आणि पारी जाड होऊ देणे, हे ध्येय होय. हे बोलावयास सोपे आहे. पण अमुक औषधाने ते साधले, हे सिद्ध करणे फार कठीण आहे. ते किती कठीण, हे आपल्याच देशातील एका औषधाच्या कथेवरून समजून घेऊ. ते औषध म्हणजे गुग्गुळ.

गुग्गुळाचे झुडूप काटेरी, रुक्ष आणि दिसावयास अगदी सामान्य असते. राजस्थान, गुजरात, कच्छ हे त्याचे मुख्य माहेर. परंतु झाशीहून ग्वाल्हेरवरून उत्तरेस गेले म्हणजे भिंड-मुरैनाकडील चंबळेच्या घळयांतही ते उगवते. त्याच्या सालीला चीर दिली की जो डिंक पाझरतो, तोच आपल्या देवघरातल्या धुपाचा आणि वैद्याच्या गोळ्यांचा गुग्गुळ. सुश्रुतसंहितेत मेदोवृद्धीचे वर्णन आले आहे. मेद वाढल्याने शरीरातील मार्ग अडतात आणि इतर धातूंचे पोषण होत नाही, असे तेथे सांगितले असून उपचाराच्या द्रव्यांत गुग्गुळाचाही समावेश आहे. बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन करणाऱ्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी हे वर्णन वाचले आणि आधुनिक वैद्यक ज्याला धमनीकाठिण्य म्हणते, त्याच्याशी त्याचे साम्य त्यांच्या ध्यानी आले. साम्य दिसणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. असे साम्य शोधणारे पुष्कळ असतात. मोठी गोष्ट ही की, त्या तेथे थांबल्या नाहीत. त्यांनी ती कल्पना परीक्षेला लावली.

सशाला कोलेस्टेरॉल खाऊ घातले तर त्याच्या धमन्यांत थर साचतात, हे रशियात १९१३ साली अनिच्कोव्ह यांनी दाखवून दिले होते. सत्यवतींनी सशांवरच प्रयोग केले. ज्या सशांना गुग्गुळ दिला, त्यांचे रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले आणि त्यांच्या धमन्यांतही थर कमी आढळले. १९६६ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला आणि १९६९ साली हे प्रयोग शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. पुढची पायरी रसायनशास्त्राची होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या डिंकातील घटक एकेक करून वेगळे केले; त्यांतील गुग्गुलस्टेरोन ही द्रव्ये महत्त्वाची ठरली. मग लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने डिंकापासून गुगुलिपिड नावाचा अर्क सिद्ध केला आणि त्याच्या माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या.

यांतली एक चाचणी आपण नीट पाहू, कारण तिच्यात फार मोठा धडा दडलेला आहे. तिचा वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला. मुंबई, नागपूर, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी अशा सात शहरांत ती झाली. पहिल्या भागात आठ आठवडे पथ्य आणि नकली गोळी दिल्यावर रुग्णांना बारा आठवडे गुगुलिपिड देण्यात आले. ५०० मिलिग्रॅमची मात्रा, दिवसातून तीन वेळा. २०५ रुग्णांनी हा भाग पूर्ण केला. बहुतेकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले आणि ती उतार सरासरीने २३.६ टक्के भरली. आकडा मोठा आहे आणि कोणालाही हर्ष व्हावा असाच आहे. परंतु या भागात औषध कोणते हे रुग्णालाही ठाऊक होते आणि डॉक्टरांनाही. दुसरा भाग निराळा होता. त्यात गुगुलिपिडची तुलना क्लोफायब्रेट या त्या काळच्या औषधाशी केली आणि कोणाला काय दिले आहे हे रुग्णापासून व डॉक्टरांपासून लपवून ठेवले. आता गुगुलिपिडने झालेली उतार भरली ११ टक्के.

औषध तेच, मात्र आकडा निम्म्याहूनही खाली आला. यात कोणी लबाडी केली असे मुळीच नव्हे. आपण औषध घेत आहोत हे ज्याला कळते, तो जेवणातही जपू लागतो, फिरावयास जातो, गोळी चुकवीत नाही. ज्याचा आकडा मुळात फार वर गेलेला असतो, तो काही केले नाही तरी पुढच्या वेळी थोडा खाली येतो. आणि गुण यावा अशी ज्याची इच्छा असते, त्याच्या नजरेला गुण अधिक दिसतो. डोळ्यांवर पट्टी बांधून केलेली चाचणी या साऱ्या गोष्टी वजा करते. उरेल तेवढेच औषधाचे श्रेय. मुंबई-नागपूरच्या त्या रुग्णांनी आणि डॉक्टरांनी दोन्ही आकडे आपल्यापुढे ठेवले, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुगुलिपिड आपल्या बाजारात आले. पुढे परदेशांतही गुग्गुळाच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी गुग्गुलस्टेरोन यकृतातील पित्ताम्लांशी संबंधित एका ग्राहीवर परिणाम करते असे दाखविले, तेव्हा कार्यकारणाचा धागाही सापडला असे वाटू लागले. आणि लगेच पुढच्या वर्षी, २००३ साली, फिलाडेल्फिया येथील चाचणीचा निकाल आला. १०३ व्यक्ती, आठ आठवडे, तीन गट. एकाला नेहमीची मात्रा, दुसऱ्याला दुप्पट, तिसऱ्याला नकली गोळी. नकली गोळी घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले. गुग्गुळ घेणाऱ्यांचे मात्र ४ ते ५ टक्क्यांनी चढले. शिवाय गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी काही जणांच्या अंगावर पुरळ उठले.

हे ऐकून दोन प्रकारचे लोक घाईने निकाल देतात. एक म्हणतात, आयुर्वेद फोल ठरला. दुसरे म्हणतात, परक्यांना आपले औषध काय कळणार! दोघांचेही चुकते. भारतातील आणि अमेरिकेतील माणसांचा आहार निराळा, प्रकृती निराळी. तेव्हा एका चाचणीने दुसरी पुरती खोडून काढली असे म्हणता येत नाही. पण त्याचबरोबर जे औषध एका ठिकाणी आकडा उतरविते आणि दुसऱ्या ठिकाणी चढविते, त्याच्यावर कोणी आपला जीव टाकावा असेही म्हणता येत नाही. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या दोन्ही चाचण्यांनी मोजले ते रक्तातील कोलेस्टेरॉल. धमनीतील थर स्थिर झाला की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. झटके कमी आले की नाही, हे तर नाहीच नाही.

येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. थराला आवर घालणाऱ्या औषधाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी रक्तातील आकड्याची. दुसरी, धमनीच्या आतून घेतलेल्या चित्रात थराचे रूप पालटलेले दिसण्याची. तिसरी, माणसे प्रत्यक्षात अधिक जगण्याची आणि झटक्यांपासून वाचण्याची. आरंभीच्या चाचण्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच होतात, कारण त्यांना माणसे थोडी लागतात आणि काळही थोडा पुरतो. पण खालच्या पायरीवरून वरची दिसते असे मानणे म्हणजे मृगजळामागे धावणे होय. हे गुग्गुळालाच लागू आहे असे कोणी समजू नये.

डॅराप्लॅडिब नावाचे एक औषध पाश्चात्त्य कंपनीने मोठ्या आशेने तयार केले होते. थरातील दाह वाढविणाऱ्या एका विकराला ते अडविते, म्हणजे थर स्थिर करण्यासाठीच ते योजलेले. ३३० रुग्णांवरील चाचणीचा निकाल २००८ साली आला. धमनीत सूक्ष्म नळी घालून ध्वनिलहरींनी चित्रे घेतली, तेव्हा नकली गोळी घेणाऱ्यांच्या थरांतील मृत गाभा वर्षभरात वाढलेला दिसला आणि औषध घेणाऱ्यांच्या थरांत तो वाढलेला नव्हता. दुसरी पायरी चढली असेच सर्वांना वाटले. मग ३९ देशांतील १५,८२८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. सुमारे पावणेचार वर्षांनी, २०१४ साली, हिशेब मांडला तेव्हा मृत्यू, झटका अथवा पक्षाघात औषधाच्या गटात ९.७ टक्के लोकांना आणि नकली गोळीच्या गटात १०.४ टक्के लोकांना आला होता. हा फरक निव्वळ योगायोगाने पडावा इतका लहान होता. त्याच वर्षी तेरा हजारांवर रुग्णांची दुसरी चाचणीही तशीच निष्फळ ठरली. चित्रातला थर सुधारला. माणसाचे दैव सुधारले नाही.

याउलट स्टॅटिन औषधांची हकीकत पाहा. जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या आणि तांदळावरील एका निळसर हिरव्या बुरशीत त्यांना १९७३ साली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. म्हणजे याही औषधांचे मूळ निसर्गातच आहे. परंतु त्यांना मान मिळाला तो मुळामुळे नव्हे. १९९४ साली उत्तर युरोपातील पाच देशांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ४,४४४ हृदयरोगी, पाच वर्षांहून अधिक काळ; नकली गोळीच्या गटात २५६ जण दगावले, सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२. तिसरी पायरी येथे सर झाली. नंतरच्या चित्रांवरून असे दिसून आले की, या औषधांनी थर आकाराने फारसा लहान होत नाही. त्याचा मेदगाभा आटतो आणि पारी जाड होते. थर स्थिर होणे म्हणतात ते हेच.

वनस्पतीपासून मिळणारे औषधही ही पायरी चढू शकते, याला सुरंजानाची साक्ष आहे. युनानी वैद्यकात संधिवातावर दिल्या जाणाऱ्या सुरंजानाच्या जातीच्या कंदात कोल्चिसिन हे द्रव्य असते. त्याने दाह शमतो, तेव्हा थरातील दाहही शमेल या कल्पनेने ते अल्प मात्रेत ५,५२२ हृदयरोग्यांना देऊन पाहण्यात आले. २०२० साली निकाल लागला. नकली गोळीच्या गटातील ९.६ टक्के रुग्णांवर हृदयरोगाचे गंभीर प्रसंग ओढवले होते, कोल्चिसिनच्या गटातील ६.८ टक्क्यांवर. मात्र २०२४ साली नुकताच झटका येऊन गेलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत असा लाभ आढळला नाही. तेव्हा ते कोणास, केव्हा द्यावे, हा शोध चालूच आहे. ज्ञान असेच एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे असे चालते; त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता पुन्हा झाशीकडे वळू. आयुर्वेद संशोधन संस्थेत जे काम चालते, ते वरवर पाहता नीरस वाटेल: वनस्पती खरी आहे की भेसळीची, तिच्यात कोणते द्रव्य किती आहे, प्रत्येक खेपेला ते तेवढेच मिळते की नाही, हे तपासणे. पण हीच खरी पहिल्या पायरीच्याही आधीची पायरी होय. आज दिलेल्या गोळीत जे आहे ते उद्याच्या गोळीत नसेल, तर चाचणी घ्यावयाची कशाची? आणि मूळ झुडूपच उरले नाही तर? गुग्गुळाचे झुडूप डिंक देण्याजोगे व्हावयास आठ-दहा वर्षे लागतात. लोभाने खोल चिरा घातल्या की ते वाळून जाते. २०१५ साली जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने या झुडपाची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. ज्या औषधाची पुरती परीक्षा अजून व्हावयाची आहे, ते परीक्षेआधीच जंगलातून नाहीसे व्हावे, याहून मोठे दुर्दैव कोणते?

श्रोत्यांच्या मनात येईल, की आम्ही यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेली औषधे सोडून गुग्गुळाच्या गोळ्या धरू नयेत, आणि त्या चालू औषधांच्या जोडीला घ्यावयाच्या असल्यास डॉक्टरांपासून लपवू नयेत. मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले आहे की, गुगुलिपिड घेतल्याने प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टिआझेम या हृदयरोगावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. ‘झाडपाल्याचे औषध, गुण नाही आला तरी अपाय तर नाही’ असे आपण सहज म्हणतो. जे शरीरात काही घडविते, ते अपायही घडवू शकते. जे काहीच घडवीत नाही, ते औषधच नव्हे.

दुसरी गोष्ट चाचण्यांविषयी. उद्या झाशीत, नागपुरात किंवा मुंबईत आपल्याला कोणी एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत येण्याविषयी विचारले, तर भिऊन जाण्याचे कारण नाही आणि भुलून जाण्याचेही नाही. आपल्या देशात २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद करावी लागते आणि २०१९ च्या नियमांनी रुग्णाची संमती, नीतिसमितीची देखरेख आणि अपाय झाल्यास भरपाई या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. तेव्हा सरळ विचारावे: ही चाचणी कोणत्या पायरीची आहे? तुम्ही मोजणार आहात ते रक्तातील आकडा, धमनीचे चित्र, की माणसाचे आयुष्य? मला नकली गोळी मिळू शकते काय? माझे चालू औषध बंद होईल काय? मधेच बाहेर पडावेसे वाटले तर मला कोणी अडवील काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे, आणि या सर्व प्रश्नांची उत्तरे आपल्याला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत. ती मिळाली नाहीत तर नकार देण्याचा आपला हक्क आहे.

सोन्याची पारख अग्नीत होते, असे आपण म्हणतो. आणि सोने अग्नीत घालणारा सोनार सोन्याचा वैरी असतो असे कोणी मानीत नाही. गुग्गुळाला सशांपासून माणसांपर्यंत, लखनौपासून फिलाडेल्फियापर्यंत ज्यांनी कसोटीवर घासले, तेही त्याचे वैरी नव्हेत. सुश्रुताच्या पोथीतील एका सूचनेला त्यांनी प्रश्नाचे रूप दिले, आणि आपल्या हाती अजून त्याचे पुरते उत्तर आलेले नाही. धमनीतील थर शांत करणारे, माणसाचे आयुष्य खरोखर वाढविणारे द्रव्य त्या काटेरी झुडपात असेल किंवा नसेल. ते असावे अशी इच्छा करणे हा आपला अधिकार आहे. पण ते आहे असे म्हणण्याचा अधिकार तिसऱ्या पायरीवर पोहोचलेल्यासच आहे.